तलाव दूषित झाला: वाक्यातला कर्ता आणि पर्यावरणाचे नीतिशिक्षण

शाळेतल्या मोठ्या मुलांना पर्यावरण शिकवावे की नाही, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. डिसेंबर 2003 मध्ये त्याच न्यायालयाने एनसीईआरटीला इयत्तावार नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले. पदवीच्या वर्गांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरक भरूचा यांनी लिहिले. महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. तेव्हा मुलांजवळ माहिती नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ओझोनचा थर, हरितगृह वायू, जैवविविधता हे सगळे शब्द येतात, व्याख्यांसह येतात.

मी साहित्याची शिक्षक आहे, पर्यावरणशास्त्राची नव्हे. भोपाळच्या शाहपुरा भागात सुट्टीच्या दिवशी नववी ते बारावीच्या मराठी मुलांचा एक छोटा भाषावर्ग मी काही वर्षे घेत आहे. ही मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. मराठी त्यांना घरात ऐकून येते, लिहिताना अडखळते. अशा वर्गात ‘आपल्या परिसरातील तलाव’ हा निबंध दिला की वह्यांमधून साधारण एकच मजकूर येतो. तलाव दूषित झाला आहे. पाण्याला दुर्गंधी येत आहे. झाडे तोडली जात आहेत. जलचर नष्ट होत आहेत. आपण सर्वांनी जागरूक झाले पाहिजे.

निबंध शुद्धलेखनाच्या दृष्टीने ठीक असतो. परंतु त्यात कुठेही माणूस नाही. घाण करणारा नाही, ती सोसणारा नाही, थांबवू शकला असता असाही कोणी नाही. शेवटच्या वाक्यात जो ‘आपण’ येतो तो इतका सर्वव्यापी आहे की त्यात कोणीच सापडत नाही. ज्याला आपण पर्यावरणीय नीतिविचार म्हणतो तो ‘कोणी केले, कोणाला भोगावे लागले, काय करायला हवे होते’ या प्रश्नांपाशी सुरू होतो. मुलांच्या वाक्यरचनेतच हे प्रश्न विचारण्याची सोय उरलेली नसेल, तर विज्ञानाच्या तासाला कितीही माहिती दिली तरी नीतीपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून हा धडा भाषेच्या तासाला घ्यावा, तोही व्याकरणातून, असे मी सुचवते.

‘तलाव दूषित झाला’ हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यातला कर्ता विचारावा. नववीचे मूल लगेच सांगते, ‘तलाव’. उत्तर बरोबर आहे. अकर्मक कर्तरी प्रयोग. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, नदी असती तर ‘झाली’ असे झाले असते. मग पुढचा प्रश्न: म्हणजे हे तलावाने केले? वर्गात हसू फुटते. ते ओसरल्यावर जी शांतता येते, तिच्यात खरा धडा सुरू होतो. व्याकरणाने सगळा दोष तलावाच्या अंगावर टाकलेला आहे आणि आपण पुस्तकात, वर्तमानपत्रात, भाषणात रोज हे वाक्य बिनदिक्कत वापरतो.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत, त्या इथे फार उपयोगी पडतात. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, मरणे आणि मारणे, आटणे आणि आटवणे, बुजणे आणि बुजवणे. ‘झाड पडले’ म्हटले की वारा आठवतो, ‘झाड पाडले’ म्हटले की लगेच ‘कोणी?’ असे तोंडातून निघते. मुलांना वर्तमानपत्रातली दहा वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकाची जोडी बदलून लिहायला सांगावी. विहीर आटली, विहीर आटवली. नाला बुजला, नाला बुजवला. मासे मेले, मासे मारले. प्रत्येक वेळी दुसरे वाक्य खरे असेलच असे नाही. कधी विहीर खरोखरच पावसाअभावी आटलेली असते. म्हणूनच हा अभ्यास यांत्रिक होऊ देऊ नये; कोणते क्रियापद खरे, हे ठरवायला पुरावा लागतो, आणि तो शोधायला मुलांना बाहेर जावे लागते. ‘सांडणे’ हे क्रियापद मात्र दोन्हीकडे चालते: पाणी सांडले आणि मी पाणी सांडले. त्यावरून ‘सांडपाणी’ हा शब्द एका मुलाने स्वतःच काढून दाखवला. आपोआप सांडलेले की कोणी सांडलेले, ते शब्द सांगत नाही.

यानंतर कर्मणी प्रयोगाकडे वळावे. ‘झाडे तोडली गेली’ हा ज्याला आपले व्याकरणकार नवीन कर्मणी म्हणतात तो प्रयोग इंग्रजीच्या वळणावर रुळलेला आहे. त्यात कर्त्याला ‘कडून’ लावता येते, पण लावावेच लागत नाही. आणि ‘झाडे तोडण्यात आली’ हा कार्यालयीन मराठीचा लाडका प्रकार तर कर्त्याला दारातही उभे करत नाही. (आमच्यासारख्या महाविद्यालयीन लोकांच्या अहवालांतही ‘वृक्षारोपण करण्यात आले’ असेच असते, खड्डे खणणाऱ्या माळ्याचे नाव त्यात कधी सापडत नाही.) या प्रयोगांना चूक ठरवण्याचे कारण नाही. भाषेला त्यांची गरज असते. पण कर्ता माहीत नाही म्हणून तो गाळला, की माहीत असून गाळला, एवढे ओळखण्याची सवय पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागायला हवी.

हे सगळे चार भिंतींत फार तर दोन तास चालते. पुढचा तास शाहपुरा तलावाच्या काठावर घ्यावा. भोपाळच्या इतर तलावांशी तुलना केली की हा तलाव शिकवायला अधिक चांगला वाटतो. बडा तालाब अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदी अडवून बांधला असे सगळे सांगतात. छोटा तालाब 1794 मध्ये नवाबी कारभारातल्या छोटे खान यांनी बांधवला. हे दोन्ही मिळून ‘भोज वेटलँड’ म्हणून ऑगस्ट 2002 मध्ये रामसर यादीत गेले. शाहपुरा तलाव गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातला. त्याला ना राजा, ना दंतकथा. काठाने वसाहती वाढत गेल्या आणि त्यांचे सांडपाणी नाल्यांतून त्यात उतरू लागले. त्यात बंगल्यांच्या वसाहती आहेत आणि झोपडवस्त्याही. शहराच्या नळांना बडा तालाब, कोलार आणि नर्मदा यांचे पाणी येते. शाहपुऱ्याचे पाणी कोणी पीत नाही, आणि माझ्या मते त्याच्या दुरवस्थेचे हे एक मोठे कारण आहे. ज्या पाण्याशी आपला घसा जोडलेला नाही त्याची चौकशी आपण करत नाही. संध्याकाळी तिथे फिरायला माणसे येतात, कणसे विकत घेतात, नाकाला रुमाल लावतात आणि परत जातात.

मुलांना काठावर एक गंमत दाखवावी. उद्यान, घाट, पदपथ, कशाचेही लोकार्पण झाले की शिला बसते आणि तिच्यावर कर्ता ठसठशीत असतो, ‘यांच्या करकमलांनी’ असा. नाल्याच्या तोंडाशी शिला नसते. श्रेयाच्या वाक्यांना कर्ता असतो आणि दोषाची वाक्ये कर्त्याशिवाय चालतात, हे त्यांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

काठावर करायचे काम साधे आहे. प्रत्येकाने एक नाला निवडायचा आणि तो उलट दिशेने, जमेल तितका वर चालत जायचा. (दोघातिघांनी मिळून, दिवसाउजेडी, पालकांना सांगून; मोठा माणूस बरोबर हवा.) वाटेत जे दिसेल ते ‘मी पाहिले’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यांत लिहायचे आणि जे ऐकले ते ‘अमक्याने सांगितले’ असे. अनुमान असेल तर ‘मला वाटते’. या तीन प्रकारांची सरमिसळ करायची नाही, एवढा एकच नियम. मध्यप्रदेशात या पद्धतीला मोठी परंपरा आहे. 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांतून जो विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे भोपाळच्या ‘एकलव्य’ने जो सांभाळला, त्यात ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. मुलांनी परिसरात जाऊन पाहायचे, मोजायचे, वर्गात एकमेकांशी वाद घालायचा. 2002 मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेली ही गोष्ट मराठी शिक्षकांना अजूनही फारशी ठाऊक नाही, याचे मला नवल वाटते.

नाल्यावरून परतलेल्या मुलांच्या वाक्यांत कर्ता दिसू लागतो, आणि इथेच शिक्षकाने सावध राहायला हवे. पहिला कर्ता जो सापडतो तो नेहमी सोयीचा असतो. बंगल्यात राहणारी मुले लिहितात, ‘झोपडीतले लोक कचरा टाकतात.’ वस्तीच्या बाजूची मुले लिहितात, ‘नगर निगम काही करत नाही.’ दोन्ही वाक्यांना कर्ता आहे, दोन्ही अर्धवट आहेत. झोपडीतल्या माणसाने टाकलेली पिशवी दिसते. बंगल्याच्या संडासाचे पाणी जमिनीखालून जाते म्हणून दिसत नाही. वस्तीतून कचरागाडी किती वेळा जाते, हे विचारल्याशिवाय पहिले वाक्य पूर्ण होत नाही. मलनिःसारणाची वाहिनी कुठवर आली आहे आणि आमच्या इमारतीने ती जोडून घेतली आहे का, हे पाहिल्याशिवाय दुसरेही होत नाही.

आता ‘आपण’कडे येऊ. मराठीला एक देणगी आहे जी हिंदीला प्रमाण रूपात नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीत दोन्हींना ‘हम’. भोपाळच्या बोलीत ‘अपन’ आहे खरे, पण ते कधी ‘आपण’, कधी नुसते ‘मी’ असते. त्यामुळे इथली मराठी मुले या दोन सर्वनामांत गोंधळतात आणि भाषाशिक्षक म्हणून मला ते शिकवावेच लागते. ते शिकवताना लक्षात आले की पर्यावरणाच्या पाठांतला सगळा नैतिक घोळ या एका सर्वनामात साठलेला आहे. ‘आपण पाण्याचा अपव्यय करतो’ या वाक्यात कोणाकोणाला आत घेतले आहे?

माझ्या वर्गात सौंसरकडून कामासाठी आलेल्या एका कुटुंबातली अकरावीची मुलगी होती. वडील एका इमारतीवर पहारेकरी. वस्तीत सार्वजनिक नळ, तोही एक दिवसाआड. ‘पाणी वाचवा’ या विषयावर सगळे लिहीत असताना तिची वही कोरी होती. विचारल्यावर ती म्हणाली, “बाई, वाचवायला आधी ते यावं लागतं ना.” वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या घरी त्याच आठवड्यात अंगण धुतले जात होते, ते त्यानेच सांगितले, आणि सांगून गप्प झाला. त्या दिवशी आम्ही ‘आपण’ असलेली सगळी वाक्ये पुन्हा लिहिली. जिथे ‘आम्ही’ हवे तिथे ‘आम्ही’, जिथे ‘तुम्ही’ हवे तिथे ‘तुम्ही’. शेवटी ‘आपण’ दोनच वाक्यांत उरले, आणि तिथे ते योग्य होते.

हे काही आमच्या वर्गाचे शोधकार्य नव्हे. 1992 च्या रिओ जाहीरनाम्याच्या सातव्या तत्त्वात राष्ट्रांची जबाबदारी सामाईक आहे पण सारखी नाही, असे मान्य केलेले आहे. बारावीच्या मुलाला हवामान-वाटाघाटींचा हा भाग समजावताना मी आधी अंगण आणि नळ यांचे उदाहरण देते. नंतर जाहीरनामा पाच मिनिटांत समजतो.

भोपाळमध्ये हा विषय शिकवायचा आणि 2 व 3 डिसेंबर 1984 ची रात्र वगळायची, हे शक्य नाही. तरी बहुतेक वर्गांत ती वगळली जाते किंवा एका परिच्छेदात उरकली जाते. मुलांच्या आजी-आजोबांनी ती रात्र पाहिलेली असते. मी घरी विचारून या असा गृहपाठ देत नाही, कारण काही घरांत ती जखम उघडण्याचा अधिकार आपला नसतो. मी शब्दांपासून सुरुवात करते. मराठी पुस्तके ‘वायुदुर्घटना’ म्हणतात. हिंदी वर्तमानपत्रे ‘गैस त्रासदी’. रस्त्यावरचा माणूस ‘गैस कांड’. पीडितांच्या संघटना ‘हत्याकांड’ म्हणतात. जून 2010 मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली ती ‘निष्काळजीपणा’साठी. या पाच शब्दांत कर्ता कुठे किती आहे, हे मुलांनी ठरवायचे. दुर्घटनेत तो नाही. त्रासदीत तो दैव असू शकतो. निष्काळजीपणात आहे, पण त्याला काळजी घ्यायची होती आणि विसरला, असा. हत्येत तो पूर्ण आहे. दहावीच्या मुलांनी यावर जो वाद घातला तसा मी एम. ए.च्या वर्गातही क्वचित ऐकला आहे.

त्याला जोडून पिथमपूर. कारखान्यात चाळीस वर्षे पडून असलेला 337 टन विषारी कचरा उच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर, 1 जानेवारी 2025 च्या रात्री, बारा बंद कंटेनरांतून धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला हलवण्यात आला (पाहा, मीही ‘हलवण्यात आला’च लिहिले). पिथमपुरात लोक रस्त्यावर उतरले. जूनच्या अखेरीस तो तिथे जाळून झाला. आता वर्गापुढे प्रश्न ठेवावा: भोपाळच्या लोकांनी चाळीस वर्षे मागणी केली ती योग्यच, मग पिथमपूरच्या माणसाने ‘आमच्याकडे का?’ विचारणे अयोग्य कसे? जाळण्याचा प्रकल्प कुठेतरी असावाच लागतो, तर तो कुठे असावा हे कोणत्या निकषाने ठरवायचे? इथे दोन्ही बाजू पीडितांच्या आहेत. चांगले आणि वाईट असा सोपा भेद मिळत नाही म्हणून मुले चिडतात, आणि चिडू द्यावीत.

घरच्या श्रद्धेला हात लागतो तेव्हा परीक्षा आणखी कठीण होते. भोपाळच्या मराठी घरांतला गणपती शाहपुरा तलावावरही जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 2020 च्या सुधारित तत्त्वांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. हे सांगून विषय संपवता येतो, पण मग तो सूचनाफलक होतो. त्याऐवजी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घाटावर न्यावे, आदल्या संध्याकाळी नव्हे. न विरघळलेल्या मूर्ती, निर्माल्य, थर्माकोल, ते उचलणारी माणसे. परत आल्यावर प्रत्येकाने एका माणसाच्या तोंडून ‘मी’ने सुरू होणारे पानभर निवेदन लिहावे: सफाई कामगार, मासे धरणारा, घरची आजी, आणि पेणच्या कारखान्यात वर्षभर साचे भरणारा कारागीर, ज्याची चूल प्लास्टरवर पेटते. शाडूची मूर्ती घेतली की प्रश्न मिटला असे वाटणाऱ्यांना हेही सांगावे की शाडू बहुतांशी गुजरातेतून खणून येते. एका मुलाने आजीचे निवेदन लिहिताना आजीलाच विचारले. आजी म्हणाल्या, आमच्या लहानपणी कोकणात घरच्या विहिरीजवळच्या मातीचा गणपती करत, तो बादलीत विरला तरी आम्हाला चालायचा, मोठा गणपती तुम्ही आणलात. मुलाने ते तसेच उतरवले. ‘तुम्ही’सकट.

साहित्याचा उपयोग मी शेवटी करते आणि थोडाच करते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांवर आहे आणि तिच्यात निसर्ग दयाळू नाही. ‘निसर्गाकडून शिका’ असे सरसकट सांगणाऱ्या सुविचारांवर ती चांगला उतारा आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ बारावीच्या मुलांना प्रकरणाप्रकरणाने वाचून दाखवता येते. धरणाने उठलेली माणसे तिच्यात आहेत, आणि त्यानंतर हरसूद या गावाचे नाव सांगितले की काही मुलांना प्रथमच कळते की आपल्याच प्रदेशातले एक पूर्ण शहर 2004 मध्ये इंदिरा सागर धरणासाठी रिकामे झाले. वृक्षांना सोयरे म्हणणाऱ्या तुकोबांच्या अभंगाचे मात्र मी फार काळजीने नाव घेते. फलकांवर तो इतका झिजला आहे की मुलांना त्यात झाड दिसेनासे झाले आहे.

घोषवाक्य आणि चित्रकला स्पर्धांबद्दल माझे मत कडक आहे. ज्या मुलाने तलावात पाय टाकलेला नाही त्याच्याकडून ‘तलाव वाचवा’ लिहून घेऊन त्याला बक्षीस देणे, ही त्याला दांभिकपणाची पहिली तालीम आहे. भीती दाखवण्याचाही उपयोग होत नाही. पृथ्वी संपणार असे सतत ऐकणारी मुले एकतर घाबरतात किंवा हसतात. त्यापेक्षा एखादी जवळची, निकाल लागलेली गोष्ट सांगावी. जून 2024 मध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगर इथे मंत्री-आमदारांच्या निवासांसाठी सुमारे 29 हजार झाडे जातील असे कळले तेव्हा रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, झाडांना रक्षासूत्रे बांधली आणि शासनाने तो प्रस्ताव मागे घेतला. ‘झाडे वाचली’ की ‘झाडे वाचवली’, हे मुले आता न विचारता सांगतात.

राहिला गुणांचा प्रश्न, जो प्रत्येक शिक्षक विचारतोच. नीतीला गुण देता येत नाहीत. ‘तुझे मत पर्यावरणपूरक आहे का’ हे तपासू लागलो की मुले आपल्याला हवे तेच लिहितात. मी फक्त वाक्ये तपासते. पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले वेगळे ठेवले आहे का. कर्ता गाळला असेल तर तसे कळूनसवरून आहे का. विरुद्ध बाजूचे निवेदन तिला मान्य होईल असे लिहिले आहे का. होशंगाबादच्या कार्यक्रमात परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवण्याची मुभा असे, तीच मी ठेवते. वर्षाअखेरीस पहिल्या दिवशीचा निबंध परत देते आणि त्यावर लाल शाईची खूण न करता तो पुन्हा लिहायला सांगते. बहुतेक मुलांचा निबंध आधीपेक्षा लांब होतो. सौंसरच्या त्या मुलीचा दीड पानाचा झाला. त्यात तिने नळाच्या दिवसांचे महिन्याभराचे टिपण जोडले होते आणि खाली वॉर्ड कार्यालयाला लिहिलेल्या अर्जाची प्रत लावली होती. अर्ज हिंदीत होता, पण त्यातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता होता.